वसंत ऋतू, ड्रॉइंगप्रमाणे

आमच्या भरे गावात वसंत ऋतू येतो तो व्हॉट्सॲपवर, रात्री साडेनऊनंतर. कोकीळ त्याआधीपासून घसा फोडत असतो, काटेसावर लालेलाल होऊन उभी असते; पण त्यांना कोणी अधिकृत धरत नाही. ‘ज्युनिअर केजी पालक’ या ग्रुपवर मेसेज पडला की मगच ऋतू बदलला असं समजायचं. "डिअर पेरेंट्स, आपला स्प्रिंग मंथ सुरू होत आहे. उद्या मुलांसोबत पाठवायच्या वस्तू खालीलप्रमाणे." आणि खाली यादी. आमच्या लग्नाची यादी याहून आखूड होती, आणि ती निदान दिवसाउजेडी झाली होती.

उद्या म्हणजे उद्या सकाळी. रंगीत कार्डशीट, गुगली डोळे, पाइप क्लीनर, आइस्क्रीमच्या काड्या, अंड्यांचा रिकामा ट्रे आणि ‘घरात सहज उपलब्ध असणारी हिरवी सॅटिन रिबीन’. आमच्या घरात सहज उपलब्ध असणाऱ्या हिरव्या वस्तू दोनच: कोथिंबीर आणि सौभाग्यवतींचा चुडा. दोन्हींना हात लावायची माझी प्राज्ञा नाही.

मुलगा हिंजवडीला. घरी पोचतो तोवर त्याच्यात फक्त जेवण्यापुरता जीव उरलेला असतो. सूनबाई रात्री परदेशातल्या लोकांशी बोलत असतात. त्यांची तिकडे सकाळ असते, म्हणून आमच्याकडे कुणी खोकायचं नाही. राहिलो मी. पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोड्या काढल्या, आता स्वतः करून दाखवायची पाळी आली. नातू चार वर्षांचा आहे. त्याला या प्रकल्पात कोणी काही विचारत नाही.

सुरुवात झाली वसंत पंचमीला. पंचांगाची गंमत अशी, की वसंत पंचमी येते माघात आणि माघ पडतो शिशिरात. खरा वसंत चैत्र-वैशाखाचा. तेव्हा शाळा सुट्टीच्या वाटेला लागलेली असते. म्हणजे काम अंगावर येण्याआधीच उरकून टाकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तर मेसेज आला, ‘उद्या येलो डे. मुलांनी पिवळे कपडे घालून यावे.’ घरात पिवळं म्हणजे फक्त माझं कारखान्यातलं हेल्मेट. रात्री दहाला फाट्यावर पिवळा शर्ट कुठून आणणार? शेवटी हिनं एक पांढरी बंडी काढली, पातेल्यात हळदीचं पाणी उकळलं आणि बंडी त्यात बुडवली. रंग असा काही चढला, की सकाळी नातू खंडोबाच्या दर्शनाहून आल्यासारखा दिसत होता. फोडणी देऊन ठेवल्याचा वास येत होता तेवढाच.

अकरा वाजता शाळेतून फोन. "काका, घाबरू नका, पण लगेच या. बाळाच्या छातीवर सगळं लाल लाल झालंय."

मी चप्पल न घालताच निघालो. ही मागून शांतपणे कुलूप लावून आली. नातू टेबलावर बसून केळं खात होता आणि त्याच्याभोवती तीन शिक्षिका, एक मावशी आणि प्रथमोपचाराची पेटी. डब्यातली भाजी बंडीवर सांडली, मावशींनी साबणानं पुसली आणि पुसेल तिथं बंडी लालभडक झाली.

ही म्हणाली, "हळद आहे ती. साबण लागला की लाल होते. हळदीपासून कुंकू कसं करतात, माहीत नाही का कुणाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. नातू, लाल-पिवळी बंडी, खाली ओळ: ‘सायन्स ॲक्टिव्हिटी: कलर चेंज!’ चौदा पालकांनी अंगठे दिले. एका मातोश्रींनी विचारलं, "हे किट कुठे मिळेल?"

त्यानंतर आले ट्युलिप. हे फूल मी समोरासमोर पाहिलेलं नाही. १९८१ साली ‘सिलसिला’ लागला, त्यात अमिताभ आणि रेखा ज्या ताटव्यांतून फिरले ते हॉलंडमधल्या क्योकेनहोफच्या बागेतले ट्युलिप, एवढीच माझी वनस्पतिशास्त्राची तयारी. आणि तेव्हाही फुलांकडे कुणाचं लक्ष होतं? आपल्याकडे श्रीनगरला २००७ पासून ट्युलिपची मोठी बाग आहे, हे मोबाइलनं सांगितलं. ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी काही आठवडे थंडी लागते, हेही सांगितलं. म्हणजे मुळशीत ट्युलिप लावायचा तर आधी तालुका फ्रीजमध्ये ठेवावा लागेल. कागदाचा ट्युलिप मात्र कुठेही येतो.

शाळेनं नमुन्याचं चित्र पाठवलं होतं. माझे डोळे चमकले. ड्रॉइंग आलं ना, मग काम ड्रॉइंगप्रमाणे! कपाटातून व्हर्निअर कॅलिपर काढला. नातवानं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, बोथट कात्रीनं पहिली पाकळी कापली. मी मोजली. चार मिलीमीटर मोठी.

"रिजेक्ट," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पुन्हा कापायची."

त्यानं पाकळी परत घेतली, उलटसुलट पाहिली आणि कानामागे खोचली. मग म्हणाला, "आजोबा, मला शू आलीये." गेला तो आलाच नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर आजीच्या गोधडीत गाढ झोपलेला. ऑपरेटर शिफ्ट सोडून गेल्यावर इन्स्पेक्टरनं काय करायचं? मीच मशीनवर बसलो. बारा वाजेपर्यंत अख्खा ताटवा तयार. सगळ्या पाकळ्या टॉलरन्समध्ये.

मध्येच शेजारच्या घरातले गृहस्थ आले होते. त्यांची लेक नातवाच्याच वर्गात. डोळे तांबारलेले, बोटांना चकाकी चिकटलेली.

"नाना, पाच मिनिटं ग्लू गन मिळेल का?"

"अहो, गरम आहे ती."

"गरमच हवीये."

"भाजेल तुम्हाला. गार झाली की देतो."

अर्ध्या तासानं ते पुन्हा आले. मी म्हणालो, "आता गार झाली, चिकटायची नाही." ते बिचारे गेले. ही आतून म्हणाली, "नातवाला रोज सांगता, खेळणी वाटून घ्यावीत म्हणून."

"ते खेळणं आहे. हे टूल आहे."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांच्या ट्युलिपच्या पोटात छोटे एलईडी लुकलुकत होते. कागदाच्या फुलावरून इतका जळफळाट होऊ शकतो, हे मला वयाच्या या टप्प्यावर कळलं.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा त्यानंतरचा आठवडा. अंड्यांच्या ट्रेचा सुरवंट करायचा होता. वाण्याकडे गेलो. तो हात जोडून म्हणाला, "नाना, सकाळपासून सगळे रिकामाच ट्रे मागतायत. भरलेला घ्या, नायतर माफ करा." म्हणून ट्रे रिकामा करण्यासाठी तीस अंडी विकत घेतली. त्यात दुसऱ्या दिवशी संकष्टी, त्यानंतर गुरुवार. हिनं अंडी घरात घेतली नाहीत; ती गॅलरीत बादलीत बसून राहिली. पुढे आम्ही भुर्जी खाल्ली, मग रस्सा खाल्ला, मग पुन्हा भुर्जी. टाकाऊ मिळवायला एवढं टिकावं लागतं.

ट्रेला हिरवा रंग देत बसलो होतो, तेवढ्यात नातू मुठीत काडेपेटी घेऊन आला. "आजोबा, बघा." आत परसातल्या कढीलिंबावरचा जिवंत सुरवंट. हिरवागार, गुबगुबीत. डिवचला की डोक्याजवळून दोन नारिंगी शिंगं काढायचा आणि घाण वास सोडायचा.

मी ओरडलो, "ती घाण आधी टाकून ये! इथं सुरवंट करायचाय आपल्याला!"

तो मुकाट्यानं काडेपेटी घेऊन गेला. माझ्या सुरवंटाचा एक गुगली डोळा तेव्हा मला सापडत नव्हता.

पुढचा प्रकल्प, ‘माझं पहिलं रोप’. कपात माती घालून मूग पेरायचे. सूनबाईंनी कॉलच्या मधल्या वेळात मोबाइलवरून माती मागवली. डिलिव्हरीवाला पिशवी देत असताना शेजारचे शेतकरीबुवा डोक्यावर पालापाचोळ्याचा भारा घेऊन चालले होते. भाताच्या राबाचे दिवस. रोपं टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून भाजायच्या, की पावसाळ्यात तिथं भाताची रोपं जोमानं येतात.

"काय ओ नाना, मोठं पार्सल आलं?"

"माती आहे."

"कशाची?"

"माती हो. माती."

त्यांनी भारा खाली ठेवला. "इकत आणली?"

"सेंद्रिय आहे."

"किती हाय?"

"पाच किलो."

"आन् पैसं?"

मी आकडा सांगितला. ते बराच वेळ पलीकडच्या प्लॉटिंगकडे बघत राहिले. ओठ हलत होते. हिशेब चालला होता. मग भारा उचलत म्हणाले, "मंग आमचा गुंठा लईच सस्त्यात गेला म्हनायचा."

मूग उगवले, पण टिकले नाहीत. नातू रोज सकाळी एकेक रोप उपटून मूळ किती वाढलं ते बघायचा आणि पुन्हा खोचून ठेवायचा. मी कपावर ‘हात लावू नये’ अशी पाटी चिकटवली. त्याला वाचता येत नाही, हे नंतर लक्षात आलं. कप जमा करायच्या दिवशी सगळे मूग माना टाकून पडलेले. धावत जाऊन नर्सरीतून पिटुनियाचं फुललेलं रोप आणलं आणि कपात कोंबलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "व्वा! काय सुंदर मूग आलेत!"

मग ‘नेचर वॉक’. रिकामटेकडे पालक हवे होते, म्हणून मी. एका लांब दोरीला ओळीनं चिमुकले हात, पुढे बाई, मागे मी. शेतांतून राबाचा धूर निघत होता. समोरचा डोंगर वणव्यानं अर्धा काळा पडला होता आणि त्या काळ्यात एक पळस असा फुलला होता, की बघणाऱ्यानं थांबावं. बाईंनी विचारलं, "चिल्ड्रन, काय काय दिसतंय?"

"धूर!"

"आणखी?"

"म्हैस!"

"छान! आता सांगा, पिवळ्या रंगाचं काय दिसतंय?" बाईंचं बोट बांधावरच्या तरवडाच्या फुलांकडे होतं. पण तरवडाच्या बरोबर मागे एका प्लॉटवर खोदकाम चाललं होतं. अख्खी दोरी एका आवाजात किंचाळली, "जेसीबीऽऽऽ!"

त्यापुढचा वसंत ऋतूचा अभ्यास जेसीबीसमोर मांडी घालून झाला. चालकानं पोरांसाठी बकेट वर केलं, खाली केलं, सलामीसारखं हलवलं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा इतकी शांतता वर्गात होत नसेल. बाईंनी मोबाइल काढून ‘पिवळा रंग ओळखतो’ या चौकोनात सगळ्यांच्या नावापुढे टिक केली.

परतताना मी विचारलंच. "बाई, इथं पळस पेटलाय, करवंदीला फुलं आलीत, आणि आपण ट्युलिप कापत बसतो. कशासाठी?"

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. "काका, मी पण इथलीच. मला काय पळस माहीत नाही? पण थीमचं पीडीएफ वरून येतं. फोटो अपलोड करताना ‘ट्युलिप’ला चौकोन आहे. ‘पळस’ला चौकोनच नाही. रात्री अकरापर्यंत मीही घरी सशाचे कान कापते."

मला बाईंविषयी एकदम आपुलकी वाटली. वरून ड्रॉइंग येतं आणि खालच्यानं वाद घालायचा नसतो, यात माझी सगळी नोकरी गेली. फरक एवढाच, की आमचा बोल्ट कधी शू आली म्हणून उठून गेला नाही.

घरी हे सांगितलं आणि हिची तार छेडली गेली. ही अंगणवाडी सेविका होती. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. त्या योजनेतल्याच एका अंगणवाडीत हिनं उमेदीची वर्षं घालवली. वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा.

"तुमचं ते पीडीएफ राहू द्या," ही म्हणाली. "ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? त्यांनी पानं, बिया, खडे, शिंपले घेतले. अनुताई वाघ जोडीला होत्या, त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. पुढे १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखायला गेली, तर मागोमाग कुरणात नेली."

"आणि आता?"

"आता अंगणं विकली आणि पोरांना शाळेत नेलं."

माझा मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आई, २०२० च्या शैक्षणिक धोरणात पण तेच आहे. तीन ते आठ वर्षांपर्यंत पायाभूत टप्पा, खेळातून शिक्षण. मी तुला पीडीएफ पाठवतो."

"खेळायचं कुणी, ते लिहिलंय का त्यात?" हिनं विचारलं. तिची नजर माझ्या मांडीवरच्या कात्रीवर होती.

रविवारी हिनं पळसाची फुलं आणून रात्रभर भिजवली होती. पाणी केशरी झालं. राबातला कोळसा होताच, वाटीत हळद कालवली. नातवाला ओसरीवर बसवलं आणि मला बजावलं, "तुम्ही लांब बसा." त्यानं कोळशानं कागद रगडला. केशरी बोटं त्यावर दाबली. मग हळदीचा एक मोठा चौकोन काढून त्याला हात जोडला.

मी लांबूनच विचारलं, "हे काय?"

"डोंगर."

"डोंगर काळा कसा?"

"जळलाय ना." जळलेला डोंगर आजोबांना ओळखता येऊ नये, याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"आणि हे केशरी?"

"फुलं."

"हे पिवळं?"

त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "जेसीबी."

जेसीबीचा हात जरा लांब वाटत होता. माझा हात सवयीनं खिशाकडे गेला. व्हर्निअर तिथं नव्हता. तो हिनं सकाळीच मिसळणाच्या डब्यामागे लपवला होता.

महिन्याच्या शेवटी प्रदर्शन भरलं. दारावर फलक, ‘आमच्या चिमुकल्या हातांची कमाल’. टेबलांमागे मात्र सगळे मोठे हात उभे होते. आपापल्या ट्युलिपला कुणाचा धक्का लागू नये म्हणून बाबा लोक पहारा देत होते. एलईडीवाल्या गृहस्थांशी हस्तांदोलन केलं, तर दोघांच्या बोटांवर वाळलेल्या गोंदाच्या खपल्या.

"छान केलंय हो तुमच्या लेकीनं. वायरिंगसकट!"

"तुमच्या नातवाच्या पाकळ्या काय, एकसारख्या अगदी! साच्यातून काढल्यागत."

"उपजतच आहे त्याच्यात."

"हिच्यातही."

दोघंही गंभीर होतो. चिमुकल्या हातांना प्रदर्शनाला हात लावायला बंदी होती, म्हणून ते सगळे टेबलाखाली होते. रंगीत कागद ज्या खोक्यांतून आले त्या खोक्यांचे जेसीबी करून ते एकमेकांना ढकलत होते.

नातवाचा डोंगर बाईंनी दारामागे, फोटोत येणार नाही अशा बेतानं लावला होता. मी हळूच विचारलं, "टिक कशाखाली केलीत?"

"‘अदर्स’."

एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तक आलं. जेवणं झाल्यावर हिनं चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतलं. "हस्तकला, ए प्लस. शेरा: काम अत्यंत नेटकं. मापाच्या बाबतीत काटेकोर. मात्र थोडी चूक झाली तरी चिडचिड होते. साहित्य इतरांबरोबर वाटून घेण्याची सवय लावावी. रात्रीचं जागरण टाळावं."

मुलगा पाण्याचा घोट घेता घेता थांबला. सूनबाईंनी म्यूटचं बटण दाबलं.

ही म्हणाली, "बाईंचं बारीक लक्ष आहे हो तुमच्यावर."

"हे त्याच्याबद्दल लिहिलंय," मी म्हणालो.

"त्यानं वर्षभरात एक पाकळी कापली. ती तुम्ही रिजेक्ट केलीत." तिनं पान उलटलं. "पुढच्या वर्गासाठी पात्र. चला, सीनिअर केजीत गेलात. पेढे आणा."

मी फाट्यावर जाऊन पेढे आणले. येताना शेजारी बेल वाजवून एलईडीवाल्यांनाही दोन दिले. वाटून घेण्याची सवय लावायची होती. त्यांनी पेढा तोंडात टाकला, आतून स्वतःचं प्रगतिपुस्तक आणलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "नाना, तुमच्यात ‘वायरिंगशी खेळू नये’ असं लिहिलंय का?"